मोठं बोनसाय एकट्यानं रिपॉट करायचं तर दरवेळी अडते कुठे?

मृग लागला की रिपॉटिंगचा, म्हणजे झाड कुंडीतून काढून मुळं छाटून नवीन मातीत बसवायचा, हा प्रश्न दरवर्षी येतोच. वडाचं नाही तर फायकसचं, म्हणजे वडाच्याच जातीतल्या झाडाचं, मोठं जुनं बोनसाय गच्चीवर आहे, सिमेंटच्या ट्रेमध्ये आहे, दोन-तीन वर्षांत माती बदललेली नाही, पाणी टाकलं की वरच उभं राहते, आणि घरात हात लावायला दुसरं कोणी नाही. पोट्टे पुण्याला नाही तर बंगलोरला, माळी "उद्या येतो भाऊ" म्हणतो आणि त्याचा उद्या पोळ्यापर्यंत उगवत नाही, शेजाऱ्याला एकदा बोलावता येते पण दुसऱ्यांदा बोलावलं की त्याची कंबर आधीच दुखून राहिली असते. मग काम पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी मुळं अजून घट्ट, झाड अजून जड.

बोनसायवाले तसंही झाडाची साइज हातांवरून मोजतात, जपानी पद्धतीत दोन हाती, चार हाती, आणि दीड-दोन मीटरच्या झाडांना आठ हाती म्हणतात, म्हणजे उचलायला चार माणसं लागतात हे त्यांनी आधीच मान्य करून टाकलं आहे. आपल्याजवळ हात दोनच. म्हणून माझं म्हणणं असं की एकट्या माणसानं हातानं झाड उचलायचा विचारच सोडून द्यायचा. झाड जागेवर राहू द्या, कुंडी त्याच्या खालून काढा. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहून राहिलो.

आधी वजन किती ते बघा, अंदाजानं नाही. बाहेरून 60 बाय 40 सेंटिमीटरचा, 15 सेंटिमीटर उंच, 3 सेंटिमीटर जाडीचा सिमेंट ट्रे घ्या, तो रिकामाच 30 किलोच्या वर जातो. आत साधारण 22 लिटर माती बसते, ओली काळी माती लिटरला दीड किलोच्या वरच धरा, म्हणजे 35 किलोच्या आसपास झाली, आणि झाड स्वतः आठ-दहा किलो. टोटल 75 किलो, म्हणजे घरचे भरलेले गॅस सिलेंडर अडीच, तेही एकाच जागी आणि धरायला कडीच नाही. यात झाडाचं वजन सगळ्यात कमी आहे ते बघा. आपण कंबर मोडून घेतो ती सिमेंट आणि पाण्यासाठी. अमेरिकेतली नायॉश नावाची संस्था आहे, त्यांच्या सूत्रात सगळी परिस्थिती एकदम अनुकूल असली तरी एका माणसानं उचलायची मर्यादा 23 किलो धरली आहे, आणि वाकून, कंबर पिळून, कडेवरून कुंडी ओढणं ही काही अनुकूल परिस्थिती नाही.

मोजायचं असेल तर बाथरूमचा वजनकाटा कुंडीच्या एका टोकाखाली ठेवायचा, दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीची फळी, जो आकडा येईल त्याच्या साधारण दुप्पट वजन. कुंडी एका बाजूनं उचलून काटा खाली सरकवायचा कसा, तर सब्बलनं, म्हणजे पहारीनं, ते पुढे येतेच.

झाड कुंडीतून निघतच नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात आणि जोर लावत बसतात. जोर लावायच्या आधी कुंडीच्या खाली बघा. मागच्या वेळी झाड तारेनं बांधलं होतं का? निचऱ्याच्या भोकातून आलेली ती तार अजून तिथेच असते, मुळं तिच्यावरून वाढलेली असतात म्हणून वरून दिसत नाही, आणि ती न कापता ओढलं तर एक तर मुळं फाटतात नाही तर ट्रेचा तळ तडकतो. दुसरं म्हणजे भोकातून बाहेर गेलेली मुळं. वड, पिंपळ, उंबर यांचा काही भरवसा नाही, कुंडी गच्चीवर वर्षभर हलवली नाही की मुळं टाइल्सच्या सांध्यात घुसतात आणि मग कुंडीच जागची हलत नाही, झाड निघणं तर दूरच. सब्बलनं एक बाजू दोन बोटं वर करा, खाली ठोकळा सरकवा, आणि जुन्या हॅकसॉ ब्लेडनं खालची मुळं कापून टाका. हात घालायचा तो ठोकळा लागल्यावरच, आधी नाही.

तिसरं कारण कुंडीच्या तोंडाचं. काठ आत वळलेला असेल तर मुळांचा गोळा तोंडापेक्षा मोठा होतो आणि तो सरळ वर येणं शक्यच नाही, कितीही ओढा. तिथे काठाच्या आतून चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटरची पट्टी कापून काढावी लागते. करवत चालते, विळा चालतो, पण माती कोरडी असेल तर दगडातून करवत चालवल्यागत होते आणि एकदम ओली असेल तर चिखल. म्हणून आदल्या दिवशी पाणी बंद, बस्स. पावसाळी दिवस असतील तर दोन दिवस आधी बंद करून वरून प्लास्टिक टाकून ठेवा. एक लिटर पाणी गेलं म्हणजे एक किलो गेला हा बोनस. पण मे महिन्यात हा प्रयोग कोणी करू नका, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर रिपॉटिंगचं नावच काढू नका.

आणि काळी माती. आपल्या इकडची काळी माती कपाशीला सोनं आहे, पण ट्रेमध्ये ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात, आणि दोन-तीन वर्षांत मुळांसोबत मिळून एकजीव होते. ज्यांचं झाड दरवेळी अडकते त्यातल्या बहुतेकांच्या कुंडीत शेतातून आणलेली हीच माती निघते.

एक बाजू वर करणं

पाच फुटाची सब्बल घ्या. टोकापासून 15 सेंटिमीटरवर लाकडी ठोकळा टेकू म्हणून ठेवला तर हातातला भाग 135 सेंटिमीटर राहतो, म्हणजे जोर नऊपट. 75 किलोच्या कुंडीची फक्त एकच बाजू उचलायची म्हणजे अर्धं वजन, 37-38 किलो, त्याला नऊनं भागा, चार-सव्वाचार किलोचा दाब. एवढा दाब तर आजी पण देऊन टाकेल. फक्त सब्बलचं टोक सिमेंटच्या काठाला डायरेक्ट टेकवू नका, मधे फळीचा तुकडा ठेवा, नाही तर काठाचा टवका उडतो. एक बाजू वर, फळी सरकवा, मग दुसरी बाजू वर, फळी सरकवा, असं करत करत फूटभर उंची पण गाठता येते, घाई नसली पाहिजे एवढंच. गाडीच्या स्टेपनीसोबत येणारा जॅक असेल तर तो अजून सोपा, पण गच्चीच्या उतारावर तो घसरतो, खाली खरखरीत फळी द्या.

आडवं सरकवायला मला सगळ्यात चांगली वस्तू सापडली ती म्हणजे फ्लेक्स. चौकाचौकात नेत्यांच्या वाढदिवसाचे लागलेले असतात, नंतर कोणी विचारत नाही, गुळगुळीत बाजू वर करून अंथरा, थोडं साबणाचं पाणी टाका, कुंडी खाली बारदाना घालून ओढा, सरकत येते. एक इंची पाईपचे तीन तुकडे खाली घातले तरी चालते पण पाईपवर कुंडी एकदा निघाली की थांबत नाही, आणि आपल्याकडच्या गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेलाच असतो, तेव्हा पाईप घालणार असाल तर उताराच्या बाजूला आधी ठोकळा लावून ठेवा.

मध्यम आकाराच्या झाडांना, म्हणजे चाळीसेक किलोपर्यंत, एवढ्यातच काम होते. पंक्चरवाल्याकडून जुनं टायर आणायचं, कुंडी सब्बलनं कलती करून हळूच टायरवर आडवी टेकवायची, झाडाचा शेंडा मोकळा राहील अशी, आणि मग झाड तसंच राहू देऊन कुंडी मागे ओढायची. कुंडीच्या तळावर लाकडी हातोडीनं दोन-चार ठोके द्या. झाड ओढू नका, कुंडी ओढा, फरक खूप पडतो, कारण खोड धरून ओढलं की सगळा ताण बारीक मुळांवर येतो आणि त्याच मुळांवर झाड जगते.

खरोखर जड झाड: तिकाटी आणि चेन ब्लॉक

याच्या पुढचं वजन असेल तर तिकाटी लागते. तीन जीआय पाईप, दीड इंची, सात-आठ फुटांचे, वर एकत्र बांधलेले किंवा बोल्ट मारलेले, आणि खाली तिन्ही पाय एकमेकांना दोरीनं नाही तर साखळीनं बांधलेले. खालचं बांधणं लोक विसरतात आणि मग टाइल्सवर पाय फाकत जातात. पायाखाली टायरचा तुकडा घाला.

आता वर काय टांगायचं, यात मोठा घोळ होतो. विहिरीवरची साधी कप्पी बरेच जण लावतात आणि म्हणतात जोर तर तेवढाच लागून राहिला. लागणारच, एका कप्पीनं फक्त ओढायची दिशा बदलते, वजन कमी होत नाही, आणि दोरी हातातून सुटली तर झाड धाडकन खाली. एकट्या माणसाला चेन ब्लॉक पाहिजे, म्हणजे साखळी ओढून जड वस्तू थोड्या जोरात वर घ्यायचं यंत्र. त्यात आतून ब्रेक असतो, साखळी सोडून द्या, झाड जिथल्या तिथे लटकून राहते, तेवढ्यात तुम्ही पक्कड आणा, पाणी प्या, फोन घ्या. दुसऱ्या माणसाचं जे काम असते, "धर रे जरा", ते हा ब्रेक करतो. अर्ध्या टनाचा सगळ्यात लहान ब्लॉक पण आपल्या कामाला भरपूर आहे, नागपूरला इतवारीत हार्डवेअरच्या लाइनीत मिळतो, आणि बांधकामाचं सामान भाड्यानं देणाऱ्यांकडे एका दिवसासाठी विचारून बघा. सोबत कापडी पट्टे घ्या, जांभळ्या रंगाचा 1 टनाचा असतो, तोच घ्यायचा. नायलॉनची दोरी नको, ती सालीत रुतते.

छज्जाला, रेलिंगला, डिश अँटेनाच्या पाईपला, टाकीच्या स्टँडला काही टांगायचं नाही. छज्जा उभ्या माणसाचं वजन घेतो म्हणून 75 किलो लटकवून घेईलच असं नाही, आणि पडला तर खाली कोण असेल सांगता येत नाही.

पट्टा बांधायचा तो खोडाच्या बुडाशी, पहिल्या जाड फांदीच्या खाली, आणि साल वाचवायला आधी सायकलची जुनी ट्यूब दोन-तीन वेढे गुंडाळायची. फायकसची साल दबली की चीक निघतो आणि डाग वर्षानुवर्षं राहतो. पट्ट्याची दोन टोकं फांद्यांच्या मधून वर जाताना फांद्यांवर घासतात, म्हणून वर एक आडवी लाकडी दांडी घालून दोन्ही टोकं लांब ठेवा. झाड एका बाजूला झुकलेलं असेल तर उचलल्यावर ते फिरून उलटं लोंबते, त्यासाठी शेंड्याजवळच्या जाड फांदीला एक हलकी दोरी बांधून ती तिकाटीच्या पायाला अडकवून ठेवा.

अडेनियमला हे काही चालत नाही. त्याचं खोड मऊ, पट्टा आवळला की आतून सडते, त्याला खालूनच आधार द्यायचा, आणि त्याची वेळही वेगळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड जागं होताना. बोगनवेललाही जपून, मुळं नाजूक असतात, माती झटकून मोकळी करायच्या भानगडीत पडू नका.

मग साखळी ओढायची. तारा कापलेल्या, काठ मोकळा केलेला, कुंडीच्या दोन्ही टोकांवर दोन-दोन विटा ठेवलेल्या, म्हणजे कुंडी सोबत वर येत नाही. हळूहळू ओढा, मधेमधे थांबा, कुंडीच्या काठावर ठोका. गोळा सुटला की एकदम हलका झटका बसतो, घाबरू नका. पंधरा-वीस सेंटिमीटर वर आलं की पुरे, कुंडी खालून सरकवून घ्या, आणि लगेच दोन टायर एकावर एक ठेवून झाड त्यावर अलगद टेकवा. लटकलेल्या झाडाखाली हात घालून मुळं कापायची नाहीत, ब्रेक कितीही चांगला असला तरी. टायरवर टेकलं, पट्टा थोडा ताणलेलाच ठेवला, की झाड पडत पण नाही आणि चारी बाजूंनी उभ्यानं काम करता येते, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना याची किंमत कळेल.

तब्येतीत असलेल्या फायकसची एक तृतीयांश मुळं काढली तरी चालते, चिंचेची त्याहून कमी. खाली जाणारी जाड मुळं कापा, आडवी पसरणारी ठेवा.

तोपर्यंत नवीन कुंडी तयार पाहिजे, म्हणजे भोकांवर जाळी, तळातून वर काढलेल्या 4 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारा, आणि मधोमध मातीचा उंचवटा. तारा आधी घालून ठेवल्या नाहीत तर झाड परत वर उचलावं लागते, आणि तेव्हा माणूस "जाऊ दे, बांधायची काय गरज" म्हणतो. तिथेच पुढचा प्रश्न तयार होतो. झाड थोडं वर घ्या, टायर काढा, कुंडी खाली सरकवा, झाड उंचवट्यावर उतरवा आणि डावी-उजवीकडे थोडं घोळवा म्हणजे खाली पोकळी राहत नाही. दिशा आवडली नाही तर परत वर घ्या, चेन ब्लॉक कंटाळत नाही. मनासारखं बसलं की तारा पकडीनं पिळून घट्ट करा, मग माती भरा, बांबूच्या काडीनं कोचत कोचत.

रिपॉट केलं आणि झाड हलून राहिलं

हलते म्हणजे बांधलं नाही, दुसरं कारण शोधू नका. नवीन पांढरी मुळं येतात ती केसाएवढी बारीक असतात, वाऱ्यानं झाड रोज हललं की रोज तुटतात, आणि महिन्याभरानं पानं गळाली की लोक खताला आणि नर्सरीवाल्याला दोष देतात. जूनमध्ये आपल्या इकडे पावसाच्या आधी वावटळ येते ती चांगली टाकीचं झाकण उडवून नेते, बोनसाय काय चीज आहे. कुंडीला बांधायची भोकंच नसतील तर ड्रिलनं पाडून घ्या, हॅमर मोड बंद ठेवून, नाही तर तळ फुटतो. पट्टा आणि तिकाटी लगेच सोडायची घाई नसेल तर दोन-चार दिवस तसंच राहू द्या.

पानं थोडी कमी करा, पंधरा-वीस दिवस ग्रीन नेटखाली, महिना-दीड महिना खत नाही.

ज्यांच्याकडे तिकाटी उभी करायला जागाच नाही

बाल्कनीतले लोक. त्यांनी झाड बाहेर काढायचंच नाही. खोडापासून काठापर्यंत मातीच्या तिरप्या फाका कापून काढायच्या, एक फाक काढली, एक सोडली, असं करत साधारण एक तृतीयांश माती मुळांसकट बाहेर, तिथे नवीन मिश्रण घट्ट भरायचं, आणि राहिलेल्या जागा पुढच्या पावसाळ्यात. मोठ्या झाडांसाठी ही पद्धत बोनसायवाले मुद्दाम वापरतात, हा काही गरिबाचा जुगाड नाही. तळाची मुळं मात्र यात कापली जात नाहीत, त्यामुळे कधी ना कधी झाड काढावंच लागते.

पुढच्या वेळी परत हेच होऊ नये म्हणून

झाड बाहेर आलंच आहे तर तेव्हाच वजन कमी करा. सिमेंट ट्रेऐवजी त्याच मापाचा फायबरचा घेतला की पंचवीसेक किलो तिथेच गेले. फायबर दिसायला हलका वाटतो म्हणून नाकं मुरडतात लोक, मला तरी पन्नाशीनंतर फायबरच सुंदर दिसून राहिला. वाऱ्यात उलटायची भीती असेल तर स्टँडलाच पट्ट्यानं बांधा, वजन त्यासाठी वाढवायची गरज नाही.

मातीत काळी माती बंद. चाळलेली वीट चुरी, 3 ते 6 मिलिमीटरची, बारीक धूळ काढून टाकलेली, त्यात कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. नुसती चुरी आणि रेती घातली तर मे महिन्यात 45 डिग्रीला दिवसातून दोनदा पाणी टाकूनही झाड वाळते, म्हणून कोकोपीट पूर्ण काढू नका. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून मिश्रण करणाऱ्यांचं इथेच फसते.

आणि स्टँड. झाडाचा स्टँड आणि चाकांच्या ट्रॉलीची उंची एकच ठेवा, वेल्डरला तसं माप द्या, मग झाड स्टँडवरून ट्रॉलीवर आणि ट्रॉलीवरून तिकाटीखाली नुसतं सरकत जाते. जमिनीवरून कमरेएवढं उचलण्यातच पाठ जाते, तो टप्पाच राहत नाही.

वडा-पिंपळासाठी मृगापासून मारबत निघेपर्यंत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, वेळ आहे, त्यामुळे पहिल्या पावसाच्या दिवशीच सगळं उरकायचं असं काही नाही. आठवड्याला एक झाड घ्या, सकाळी सहाला सुरू करा. चेन ब्लॉक स्वतःचा असेल तर काम झाल्यावर साखळी पुसून तेलाचा हात फिरवा आणि घरात आणून ठेवा, पावसात गच्चीवर राहिला की ब्रेकच्या प्लेटांना गंज चढतो, आणि साखळीला तेल लावताना ते ब्रेकमध्ये जाऊ देऊ नका, ब्रेक घसरायला लागतो.